टाइमस्टेप बदलला की मालाचा पल्ला बदलतो: पेशीतल्या वाहतुकीच्या सिम्युलेशनमधला हट्टी दोष

मोटर प्रथिनं पेशीत माल कसा वाहून नेतात याचं सिम्युलेशन लिहिणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला हा दोष कधी ना कधी भेटतो. कोड चालतो, एरर येत नाही, आलेखही देखणा येतो. मग कुणीतरी विचारतं, "टाइमस्टेप निम्मा करून पाहिलास का?" टाइमस्टेप म्हणजे सिम्युलेशन एका वेळी जेवढा वेळ पुढे सरकतं तो टप्पा. तो निम्मा करून पाहिला, की मालाचा सरासरी पल्ला, म्हणजे मोटर रुळावरून सुटेपर्यंत माल जातो ते अंतर, एकदम दुप्पट झालेला दिसतो. आणखी निम्मा केला तर पुन्हा थोडा वाढतो. यातलं खरं उत्तर कुठलं, हे कळायला मार्ग राहत नाही.

बहुतेक जण इथे एकच चूक करतात, मीही केली होती. मोटरचा रुळावरून सुटण्याचा दर थोडा कमी करायचा, रूळ पकडण्याचा दर थोडा वाढवायचा आणि प्रयोगात दिसतो तेवढा पल्ला जुळवून घ्यायचा. याने दोष झाकला जातो, जात नाही. पुढे कुणी मालाचा आकार बदलला किंवा द्रवाची श्यानता (दाटपणा) बदलली, की तोच दोष जीवशास्त्रातला शोध असल्यासारखा समोर उभा राहतो. माझ्या बाबतीत नेमकं हेच घडलं. पेशीद्रवाची श्यानता दहापट केली आणि पल्ला २५० नॅनोमीटरवरून ५७० वर गेला. दाट द्रवात माल जास्त दूर जातो! गर्दीमुळे मोटर रुळावर टिकून राहते, असं स्पष्टीकरणही तयार झालं होतं. कित्येक आठवडे त्याच दिशेने काम चाललं. त्यात जीवशास्त्र काहीच नव्हतं, सगळा खेळ टाइमस्टेपचा होता.

आकडे हाताशी असल्याशिवाय हा दोष दिसत नाही, म्हणून मॉडेल आधी मांडतो. कायनेसिन हे मोटर प्रथिन सूक्ष्मनलिकेवर, म्हणजे पेशीतल्या रुळावर, ८ नॅनोमीटरची एकेक पायरी टाकत जातं, कारण ही नलिका ज्या ट्यूब्युलिन प्रथिनाची बनते त्याचा एक जोडघटक तेवढ्याच लांबीचा असतो. वेग सेकंदाला ८०० नॅनोमीटर धरला, म्हणजे सेकंदाला १०० पायऱ्या, दोन पायऱ्यांमध्ये सरासरी १० मिलिसेकंद. ताण नसताना सुटण्याचा दर सेकंदाला १. ताण आला की हा दर घातांकी वाढतो, आणि त्या वाढीचं माप ३ पिकोन्यूटन, म्हणजे ताण दर ३ पिकोन्यूटनने वाढला की दर सुमारे २.७ पट. माल म्हणजे ५० नॅनोमीटर त्रिज्येची पुटिका, पटलाची इवलीशी पिशवी. मोटर आणि माल यांच्यामध्ये स्प्रिंग, कडकपणा दर नॅनोमीटरला ०.३ पिकोन्यूटन. खऱ्या कायनेसिनचा दांडा दाबला तर ढिला पडतो, पण इथे मुद्दा स्पष्ट राहावा म्हणून दोन्ही बाजूंनी सारखी वागणारी साधी स्प्रिंग घेतली आहे. वेगही ताणावर अवलंबून ठेवलेला नाही.

आता द्रवाचा रोध काढा. २० अंश सेल्सिअसला पाण्याची श्यानता ०.००१ पास्कल-सेकंद. स्टोक्सच्या सूत्राने सहा गुणिले पाय गुणिले श्यानता गुणिले त्रिज्या केलं, की दर नॅनोमीटर-प्रति-सेकंद वेगाला ०.००००००९४ पिकोन्यूटन एवढा रोध येतो. याला स्प्रिंगच्या कडकपणाने भागलं, की ताणलेली स्प्रिंग पूर्ववत व्हायला लागणारा वेळ मिळतो: ३.१ मायक्रोसेकंद.

दोषाचं मूळ या आकड्यात आहे. मोटर १० मिलिसेकंदांत एक पायरी टाकते, म्हणून आपण सहज म्हणतो की ५-६ मायक्रोसेकंदांचा टाइमस्टेप म्हणजे फारच बारीक झाला. मोटरच्या मानाने तो बारीक आहेच, हजारपटीहून जास्त बारीक. पण स्प्रिंगच्या मानाने तो अवाढव्य आहे. मोटर आणि स्प्रिंग एकाच लूपमध्ये बसलेल्या आहेत आणि दोघींच्या घड्याळांत तीन हजारपट फरक आहे.

कोड कोसळत का नाही

साध्या ऑयलर पद्धतीत सिम्युलेशनच्या प्रत्येक पायरीला (मोटरच्या नव्हे, म्हणजे प्रत्येक टाइमस्टेपला) जुनं स्थान घ्यायचं, त्यात बलामुळे होणारी सरक मिळवायची आणि वर यादृच्छिक धक्का द्यायचा. टाइमस्टेप स्प्रिंगच्या वेळेच्या दुपटीपुढे, म्हणजे इथे ६.३ मायक्रोसेकंदांपुढे गेला, की सगळं उधळतं. आकडे आभाळाला भिडतात आणि चूक लगेच कळते. त्रास त्याच्या अलीकडच्या पट्ट्यात आहे. तिथे उधळत काहीच नाही, पण माल असायला हवा त्याहून जास्त थरथरतो.

किती जास्त, तेही नेमकं सांगता येतं. उष्णतेमुळे स्प्रिंगच्या लांबीत होणाऱ्या चढउतारांचा व्हेरिअन्स (सरासरीपासूनच्या फरकांच्या वर्गांची सरासरी) म्हणजे उष्ण ऊर्जा भागिले कडकपणा. २० अंशाला ही ऊर्जा ४.०५ पिकोन्यूटन-नॅनोमीटर, म्हणून खरा व्हेरिअन्स १३.५ चौरस नॅनोमीटर. ऑयलर पद्धतीत हा आकडा एका अपूर्णांकाने भागला जातो: एक वजा, टाइमस्टेप भागिले स्प्रिंगच्या वेळेची दुप्पट. टाइमस्टेप ३.१ मायक्रोसेकंद ठेवला तर भाजक निम्मा होतो आणि व्हेरिअन्स दुप्पट, म्हणजे २७. टाइमस्टेप ५.६ ठेवला तर व्हेरिअन्स नऊपटीहून जास्त. सूत्र एका ओळीत सिद्ध होतं, जरूर स्वतः काढून पाहा, कारण एकदा हाताने काढलं की कायमचं लक्षात राहतं.

आता याला घातांकी दर जोडा. खऱ्या थरथरीत स्प्रिंगवरचा ताण साधारण १.१ पिकोन्यूटनने मागेपुढे होतो. ताणाची दिशा न पाहता सुटण्याचा दर त्याच्या आकारमानावर ठरवला, तर सरासरी दर सेकंदाला १ न राहता १.३८ होतो आणि पल्ला ८०० ऐवजी ५८० नॅनोमीटर. हे ५८० या मॉडेलचं खरं उत्तर आहे. ८०० वरून ५८० वर येणं ही चूक नव्हे, उष्णतेचा तो रास्त परिणाम आहे. ऑयलर पद्धतीने मात्र हे येतं: टाइमस्टेप ५.६ मायक्रोसेकंद, पल्ला २५०. २.८ ला ५१०. १.४ ला ५५०. ०.७ ला ५७०. घातांकी दर मोठ्या ताणाला फार जास्त वजन देतो, म्हणून थरथरीतली वाढ थेट पल्ल्यावर येऊन आदळते.

माझ्या 'शोधा'चा उलगडाही यातच आहे. श्यानता दहापट केली तेव्हा स्प्रिंगची वेळ ३१ मायक्रोसेकंद झाली. टाइमस्टेप तोच ५.६ होता, पण आता तो स्प्रिंगच्या मानाने लहान ठरला, खोटी थरथर विरली आणि पल्ला ५७० वर पोचला. द्रवाच्या रोधाचा खरा वाटा पाहिला असता तर तेव्हाच शंका यायला हवी होती. पाण्यात या वेगाने पुटिका ओढायला लागणारं बल पिकोन्यूटनच्या हजाराव्या भागाहून कमी आहे, दहापट दाट द्रवातही शंभराव्या भागाहून कमी. कायनेसिनला थांबवायला ५ ते ७ पिकोन्यूटन लागतात. एवढ्याशा बलाने पल्ला दुप्पट होणं शक्यच नाही.

तपास कुठून सुरू करायचा

आधी दिसणारा फरक खरा आहे का ते पाहा. पल्ल्याचं वितरण घातांकी असतं, म्हणजे त्याचं प्रमाण विचलन सरासरीएवढंच. १०० रन घेतले तर सरासरीत १० टक्के चूक नुसत्या नशिबाने येते. ५५० आणि ५७० यांतला फरक ओळखायचा असेल तर १०,००० रन हवेत, तेव्हा कुठे चूक १ टक्क्यावर येते. वीस-तीस मार्गिका पाहून टाइमस्टेपबद्दल मत बनवू नका. आणि रँडम सीड (यादृच्छिक आकड्यांची मालिका ज्या आकड्यापासून सुरू होते तो) प्रत्येक रनला वेगळा पडतोय ना, तेही एकदा डोळ्यांनी पाहून घ्या. समांतर चालणाऱ्या सगळ्या रनना एकच सीड गेलेला मी पाहिला आहे.

मग मॉडेलचे तुकडे सुटे करून तपासा. संपूर्ण मॉडेल चालवून दोष शोधणं म्हणजे अंधारात सुई शोधणं.

स्प्रिंग आणि मोटर दोन्ही बंद करा, माल मोकळा सोडा. सरासरी वर्ग-विस्थापन एका अक्षात विसरण गुणांक (कण किती झपाट्याने पसरतो त्याचं माप) गुणिले वेळ याच्या दुप्पट यायला हवं, तिन्ही अक्षांत मिळून सहापट. आपल्या पुटिकेचा गुणांक सेकंदाला ४.३ चौरस मायक्रोमीटर. उत्तर टाइमस्टेपसोबत सरळ प्रमाणात बदलत असेल, तर यादृच्छिक धक्का टाइमस्टेपच्या वर्गमुळाने गुणायच्या ऐवजी टाइमस्टेपनेच गुणला गेला आहे. ही चूक अजूनही सर्रास होते. सिम्युलेशनच्या डब्यातून कण एका बाजूने बाहेर गेला की दुसऱ्या बाजूने आत येत असेल, तर विस्थापन काढण्याआधी त्या उड्या उलगडून घ्या, नाहीतर आलेख डब्याच्या लांबीपाशी सपाट होतो आणि माल पिंजऱ्यात अडकलाय असं वाटतं.

मोकळं विसरण बरोबर आलं, की स्प्रिंग चालू करा. मोटर एका जागी खिळवून ठेवा, सुटणं बंद ठेवा आणि लांबीचा व्हेरिअन्स मोजा. १३.५ आला पाहिजे. ही चाचणी चालायला काही सेकंद लागतात. मी ती पहिल्याच दिवशी केली असती तर पुढचं काहीच घडलं नसतं. आता ती माझ्या प्रत्येक कोडमध्ये कायमची बसवलेली आहे: सुरुवातीला टाइमस्टेप आणि स्प्रिंगची वेळ यांचं गुणोत्तर छापलं जातं, आणि ते ०.१ च्या वर असेल तर रन सुरूच होत नाही.

मूळ दुरुस्ती

टाइमस्टेप लहान करत जाणं हा उपाय चालतो, पण महाग पडतो. ०.३ मायक्रोसेकंदाने एक सेकंद चालवायला तीसेक लाख पायऱ्या लागतात, आणि तेही एका पुटिकेसाठी. स्प्रिंग सरळ रेषेतली असेल तर त्याहून चांगला मार्ग आहे. स्प्रिंगला बांधलेल्या कणाचं पुढचं स्थान नेमक्या सूत्राने काढता येतं. जुनी लांबी घातांकाने घटवायची, म्हणजे ई या संख्येच्या ऋण गुणोत्तर घाताने गुणायची. त्यात जो धक्का मिळवायचा त्याचा व्हेरिअन्स म्हणजे १३.५ गुणिले, एक वजा त्याच घटीचा वर्ग. एवढंच. यात टाइमस्टेप कितीही ठेवला तरी व्हेरिअन्स १३.५ च राहतो, कारण हे सूत्र अंदाज नाही, ते त्या समीकरणाचं उत्तरच आहे. अट एक आहे: त्या टाइमस्टेपमध्ये मोटरचं टोक जागचं हललेलं नसावं. मोटर १० मिलिसेकंदांनी हलते, त्यामुळे ही अट पाळणं जड जात नाही.

इम्प्लिसिट पद्धतीबद्दल (जुन्याऐवजी पुढच्या स्थानावरचं बल धरून पुढचं स्थान काढणारी पद्धत) एक सावधगिरी. अनेकांना वाटतं, ती स्थिर आहे म्हणजे बरोबर आहे. ती उधळत नाही हे खरं, पण व्हेरिअन्सची चूक तिथे उलट्या दिशेने होते. भाजकात 'एक वजा' ऐवजी 'एक अधिक' येतं, थरथर कमी पडते आणि मोटर खोटी खोटी जास्त टिकते. टाइमस्टेप लहान करत गेल्यावर पल्ला वाढत असेल तर साध्या ऑयलरचा संशय घ्या, घटत असेल तर इम्प्लिसिटचा. सायटोसिमसारखं तयार सॉफ्टवेअर इम्प्लिसिट पद्धत वापरतं, तंतूंच्या कडक जाळ्यांसाठी तोच शहाणपणाचा मार्ग आहे, पण सुटण्याचा दर ताणावर ठेवला असेल तर तिथेही व्हेरिअन्सची चाचणी करून घ्या.

दर आणि संभाव्यता

दर गुणिले टाइमस्टेप म्हणजे संभाव्यता, हे फक्त गुणाकार फार लहान असतानाच चालतं. गुणाकार ०.५ असेल तर खरी संभाव्यता ०.३९ असते. नेमकी संभाव्यता काढायला एक वजा, ई चा ऋण गुणाकार घात. त्याहून लबाड दोष क्रमाचा: एकाच पायरीत आधी 'सुटली का' आणि लगेच 'पकडली का' विचारलं, तर सुटलेली मोटर त्याच क्षणी परत चिकटू शकते, आणि क्रम उलटा केला की उत्तर बदलतं. दर स्थिर असतील तर गिलेस्पीने १९७६-७७ मध्ये मांडलेली पद्धत वापरा, पुढची घटना केव्हा आणि कोणती हे ती थेट सांगते. दर ताणासोबत बदलत असेल तर मला सोपी वाटणारी रीत अशी: मोटर चिकटताना एकदाच ० ते १ मधला यादृच्छिक अंक घ्या, त्याचा ऋण नैसर्गिक लॉग जपून ठेवा, प्रत्येक पायरीला दर गुणिले टाइमस्टेप साठवत जा, आणि साठा त्या आकड्याला पोचला की मोटर सोडा.

एकाहून जास्त मोटरी असतील तर दरातली छोटी चूक फुगते. क्लुम्प आणि लिपोव्स्की या शास्त्रज्ञांनी २००५ मध्ये दिलेलं अनेक मोटरींच्या पल्ल्याचं सूत्र इथे कसोटी म्हणून फार उपयोगी आहे. पकडण्याचा दर सेकंदाला ५, सुटण्याचा १, वेग सेकंदाला १ मायक्रोमीटर धरला, तर एका मोटरीला १ मायक्रोमीटर, दोघींना ३.५, तिघींना १४.३ आणि चौघींना जवळपास ६५ मायक्रोमीटर पल्ला येतो. ताणाचा परिणाम बंद करून तुमच्या कोडने हेच आकडे दिले पाहिजेत. आता सुटण्याचा दर फक्त १० टक्के वाढवा: चौघींचा पल्ला ६५ वरून ४७ वर घसरतो. म्हणून दोष एका मोटरीवर शोधा, पण दुरुस्ती चार मोटरींवर तपासा. आणि रुळाची लांबी पाहा. २० मायक्रोमीटरच्या रुळावर ६५ चा पल्ला मोजता येत नाही, टोकाला पोचलेले रन 'सुटले' म्हणून नोंदले गेले तर सरासरी कायम कमी येणार.

पल्ला नव्हे, पटलावर पोचणाऱ्यांची संख्या बदलत असेल तर

दोष स्प्रिंगमध्ये नाही, भिंतीत आहे, म्हणजे कण शोषणाऱ्या पटलाच्या हिशोबात. कण पायरीच्या सुरुवातीला भिंतीच्या आत आणि शेवटीही आत, पण मधल्या वेळात भिंतीला शिवून आलेला असू शकतो. कोडला ते दिसत नाही आणि शोषले जाणारे कण कमी मोजले जातात. पेशीद्रवातल्या हरित प्रदीप्त प्रथिनाचा विसरण गुणांक सेकंदाला सुमारे २७ चौरस मायक्रोमीटर मोजला गेला आहे. टाइमस्टेप १ मिलिसेकंद ठेवला तर एका अक्षात एक उडी साधारण २३० नॅनोमीटरची पडते. केंद्रकाचं दुहेरी आवरण काही दशक नॅनोमीटर जाड, म्हणजे कण ते न शिवता पार उडून जातो.

ओळखण्याची खूण: टाइमस्टेप निम्मा केल्यावर चूक निम्मी होत असेल तर दोष बलाच्या गणितात. चूक फक्त १.४ पटीने कमी होत असेल तर भिंतीत, कारण भिंतीची चूक टाइमस्टेपच्या वर्गमुळाने घटते. म्हणूनच नुसता टाइमस्टेप लहान करून भिंतीचा दोष सहजी आटोक्यात येत नाही. त्याऐवजी प्रत्येक पायरीला मधली भेट होण्याची संभाव्यता जमेस धरा: सुरुवातीचं भिंतीपासूनचं अंतर गुणिले शेवटचं अंतर, त्याला विसरण गुणांक गुणिले टाइमस्टेपने भागा आणि ई चा तेवढा ऋण घात घ्या. सपाट भिंतीला हे सूत्र नेमकं आहे, वक्र भिंतीला उडी वक्रतेच्या त्रिज्येहून बरीच लहान असेल तोवर चालतं. भिंत अर्धवट शोषणारी असेल तर 'भेट झाली की ३० टक्के शोषण' असा ठरीव आकडा लिहू नका. टाइमस्टेप लहान झाला की भेटी वाढतात, म्हणून ती संभाव्यताही टाइमस्टेपच्या वर्गमुळाने बदलावी लागते.

माझ्या कोडकडे परत येतो. नेमकं सूत्र बसवल्यावर श्यानता एकपट, पाचपट, दहापट ठेवून रन घेतले आणि पल्ला तिन्ही वेळा ५८० च्या आसपासच राहिला. मग श्यानता हजारपट केली. मोठ्या मालाला पेशीद्रव इतकं दाट भासू शकतं. आता स्प्रिंग पूर्ववत व्हायला ३ मिलिसेकंद लागतात, मोटरच्या एका पायरीचा ताण पुरता ओसरायच्या आत कित्येकदा पुढची पायरी पडते आणि सरासरी पाऊण पिकोन्यूटन ओढ राहते. पल्ला पाचशेच्या आसपास उतरला. श्यानतेचा खरा परिणाम हा होता, आणि तो माझ्या जुन्या आलेखाच्या बरोबर उलट दिशेने जात होता.